विझवता न येणाऱ्या आगीचं गणित

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लंडन आणि अँटवर्पवर डागलेल्या व्ही-टू अग्निबाणात इंधन म्हणून अल्कोहोल असायचं आणि ते जाळायला द्रवरूप ऑक्सिजन. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. टाकीत पडल्या क्षणापासून त्याची वाफ व्हायला लागते, त्यामुळे आज भरून ठेवू आणि लागेल तेव्हा उडवू, ही सोयच नव्हती. टँकर, पंप, तंत्रज्ञ असा सगळा लवाजमा घेऊन झाडीतल्या एखाद्या मोकळ्या जागेवर जायचं, अग्निबाण उभा करायचा, तिथेच भरायचा आणि शत्रूच्या विमानांनी गाठायच्या आत उडवून पसार व्हायचं.

युद्धानंतर अमेरिकेचं कॉर्पोरल क्षेपणास्त्र आलं, सोव्हिएत संघाचं स्कड आलं. त्यांनी ऑक्सिजन सोडून नायट्रिक आम्ल धरलं. ते साध्या तापमानाला टिकतं, पण त्याची वाफ फुप्फुसं जाळते, कातडीवर थेंब पडला तर भाजतं आणि टाकीच्या धातूलाही ते सोडत नाही. अंगभर रबरी पोशाख चढवलेले सैनिक क्षेपणास्त्र भरताहेत आणि वरून टेहळणी विमान फिरतंय, ही त्या काळच्या तुकड्यांची रोजची धास्ती होती.

हा लेख कमी पल्ल्याच्या बॅलिस्टिक, म्हणजे जोर संपल्यावर फेकलेल्या दगडासारख्या जाणाऱ्या, क्षेपणास्त्रांचा. घन इंधनाच्या अशा क्षेपणास्त्राला यातलं काहीच लागत नाही. ते कारखान्यातून निघतानाच भरलेलं असतं. डब्यात बंद करून वर्षानुवर्षं ठेवता येतं, ट्रकवर चढवून कुठेही नेता येतं आणि हुकूम आल्यावर काही मिनिटांत सुटतं. म्हणून घन इंधनाने हे अस्त्र सोपं केलं, असं सर्रास लिहिलं जातं. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. अवघड काम संपलं नाही. ते रणांगणावरून कारखान्यात गेलं, आणि जे कारखान्यालाही झेपलं नाही ते दिशादर्शन करणाऱ्या संगणकाच्या गळ्यात पडलं.

घन इंधनात जळणारा पदार्थ आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ आधीच एकत्र कालवून घट्ट केलेले असतात. बंदुकीची काळी दारू हे त्याचं सर्वांत जुनं रूप. पण तिच्या दाबून केलेल्या कांड्या मोठ्या करायला गेलं की तडकतात. १९४२ साली कॅलिफोर्नियात जॅक पार्सन्स यांनी वितळलेल्या डांबरात पोटॅशियम परक्लोरेट मिसळून ते ओतायची युक्ती काढली. छोट्या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानांना सुरुवातीला जोर देणाऱ्या अग्निबाणांसाठी ते हवं होतं. ओतता येणारं इंधन, हा या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा शोध आहे असं मला वाटतं. जे ओतता येतं ते हव्या त्या आकाराचं करता येतं आणि हवं तेवढं मोठंही. डांबर मात्र उन्हात पाघळायचं आणि थंडीत तडकायचं. काही वर्षांतच जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या चार्ल्स बार्टली यांनी डांबराच्या जागी थायोकोल कंपनीचं द्रवरूप कृत्रिम रबर घातलं. पाक तोच राहिला, घटक सुधारत गेले: आज अमोनियम परक्लोरेटचे स्फटिक ऑक्सिजन पुरवतात, ॲल्युमिनियमची भुकटी आच वाढवते, आणि रबर या दोघांना धरून ठेवतं व स्वतःही जळतं. तयार ठोकळा हाताला खोडरबरासारखा लागतो.

या ठोकळ्याच्या मधोमध लांबलचक पोकळी ठेवतात आणि आग तिथून बाहेरच्या दिशेने खात जाते. घन इंधन फक्त उघड्या पृष्ठभागावर जळतं. जेवढा पृष्ठभाग तेवढा वायू आणि जेवढा वायू तेवढा जोर. पोकळी गोल ठेवली तर जळता जळता ती रुंदावते आणि जोरही वाढत जातो. ती चांदणीच्या आकाराची ठेवली तर एकीकडे चांदणीचे कोपरे झिजतात आणि दुसरीकडे पोकळी रुंदावते. दोन्हींचा मेळ बसून जोर शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. द्रव इंधनाच्या इंजिनात झडपा कमीजास्त करून जे साधतात, ते इथे साच्याच्या भूमितीत आधीच ठरवून टाकलेलं असतं. एकदा ओतलं की त्यात बदल नाही.

आता या ठोकळ्यात एक बारीक भेग आहे असं धरा. आग तिच्यात शिरते. हिशोबात नसलेला पृष्ठभाग पेटतो, जास्तीचा वायू तयार होतो, आतला दाब चढतो. दाब चढला की हे इंधन आणखी वेगाने जळतं, म्हणजे दाब आणखी चढतो. सेकंदाच्या अंशात कवच फुटतं. भेग पडायला कोणी धक्का मारावा लागतो असंही नाही. पोलादी कवच आणि त्याला आतून चिकटलेलं रबर थंडीत सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. रबर जास्त आकसू पाहतं, कवच त्याला सोडत नाही, आणि सगळा ताण चांदणीच्या टोकांशी नाहीतर कवचाजवळच्या चिकटीवर येतो. उन्हाळे-हिवाळे जात राहतात तसा हा ताण पुन्हा पुन्हा येतो, रबर हळूहळू कडक होतं. म्हणून या मोटरींची, म्हणजे इंधन भरलेल्या कवचांची, क्ष-किरणांनी तपासणी होते, आणि डब्यात नुसत्या पडून असलेल्या क्षेपणास्त्राचंही आयुष्य मोजलं जातं.

दुसरा धोका याहून भयंकर. ११ जानेवारी १९८५ रोजी पश्चिम जर्मनीत हाइलब्रॉनजवळच्या अमेरिकन तळावर पर्शिंग-२ क्षेपणास्त्राची एक मोटर डब्यातून बाहेर काढली जात होती. कडाक्याची कोरडी थंडी होती. या मोटरीचं कवच पोलादाचं नव्हतं, केव्हलर या मजबूत कृत्रिम धाग्यांचं होतं. हलकं, पण विजेचं दुर्वाहक. घर्षणाने त्याच्यावर स्थिर विद्युतभार साठला आणि मोटर काढताना तो इंधनातून वाहिला. इंधन पेटलं. तीन सैनिक गेले. कोणी कळ दाबली नव्हती, कोणाची चूकही नव्हती. क्षेपणास्त्र नेहमी भरलेलं असतं, या सोयीचीच ही दुसरी बाजू. पर्शिंग-२ मध्यम पल्ल्याचं असलं तरी हा धडा घन इंधनाच्या प्रत्येक मोटरीला लागू आहे.

एवढं सगळं सांभाळून मोटर व्यवस्थित पेटली, की खरा पेच सुरू होतो. ही आग विझवता येत नाही.

साधं गणित करू. हवेचा विरोध आणि पृथ्वीची गोलाई सोडून दिली, तर ४५ अंशांत फेकलेली वस्तू ३०० किलोमीटरवर पडायला तिला सुरुवातीला सेकंदाला साधारण १,७०० मीटर वेग लागतो, ध्वनीच्या पाचपट. ती पल्ल्याच्या पाव हिश्श्याएवढी, म्हणजे ७५ किलोमीटर उंच जाते आणि सव्वाचार मिनिटांच्या आत खाली येते. पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे वेगात फक्त एक टक्का फरक पडला तर पल्ल्यात दोन टक्के पडतो, म्हणजे सहा किलोमीटर. सेकंदाला एका मीटरची चूक साडेतीनशे मीटरवर जाते.

द्रव इंधनात हे सांभाळणं जमतं. हवा तो वेग आला की झडप बंद. घन मोटर मात्र इंधन संपेपर्यंत जळणार, आणि उन्हात तापलेली मोटर गारठलेल्या मोटरीपेक्षा जोरात जळणार. शिवाय लक्ष्य प्रत्येक वेळी कमाल पल्ल्यावर कुठे असतं? ते कधी ५० किलोमीटरवर असतं, कधी शंभरावर.

१९६२ साली अमेरिकी सैन्यात आलेल्या सार्जंट या क्षेपणास्त्राने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्याने मोटरीच्या वाटेला जायचंच नाही असं ठरवलं. मोटर पूर्ण जळू दिली आणि अंगावर चार ब्रेक बसवले, हवेत उघडणाऱ्या पट्ट्या. जास्तीचा वेग हवेलाच घासून घालवायचा. पहिल्या पर्शिंगची वाट वेगळी: ठरलेल्या वेगाला मोटरीच्या पुढच्या बाजूची तोंडं स्फोटाने उघडायची, म्हणजे आग जळत राहते पण जोर पुढे लागत नाही. दोन्ही उपाय चालले. मात्र एकदा मोटर सुटली की पुढचा प्रवास बराचसा फेकलेल्या दगडाचाच होता.

आजच्या क्षेपणास्त्रांनी हा प्रश्नच वेगळ्या जागी नेऊन ठेवला. वेग नेमका नसेल तर नसू दे, शेवटपर्यंत वळत राहू. रशियाचं इस्कंदर, उत्तर कोरियाचं केएन-२३, भारताचं प्रलय ही याच जातीची. मोटर जळत असते तेव्हा झोताच्या तोंडाशी बसवलेल्या, प्रचंड तापमान सोसणाऱ्या पात्या झोत वळवतात. नंतर शेपटीचे पंख हवेवर रेलून वळतात. त्यासाठी हवा हवी, म्हणून हा मार्ग मुद्दाम बुटका ठेवला जातो. इस्कंदर साधारण ५० किलोमीटरच्या वर जात नाही. जायरोस्कोपवर, म्हणजे वळण मोजणाऱ्या उपकरणावर, चालणाऱ्या दिशादर्शनाला उपग्रहांकडून मिळणाऱ्या स्थानाची जोड मिळाली, आणि किलोमीटरांतली चूक मीटरांवर आली.

बचाव करणाऱ्याची मात्र यात कोंडी होते. शुद्ध बॅलिस्टिक मार्गाचा पहिला तुकडा रडारने पाहिला की पडण्याची जागा गणिताने काढता येते. बुटक्या मार्गाने येणारं क्षेपणास्त्र क्षितिजावर उशिरा दिसतं आणि दिसल्यावरही वळतं. चार मिनिटांतली किती मिनिटं हातात उरतात? खालच्या शहरात माणसं असतात, आणि एवढ्या वेळात भोंगा वाजवून त्यांना तळघरापर्यंत पोचवायचं असतं. पल्ल्याचे आकडे छापताना हा मिनिटांचा हिशोब बातम्यांमधून गळतो, याची मला खंत वाटते.

एक मोटर जमली की तिच्यावर आवृत्त्यांचं पीक येतं. इराणचं फतेह-११० हे झेलझाल या दिशाहीन रॉकेटला दिशादर्शन आणि हलणारे पंख देऊन झालं. २००२ साली ते जगापुढे आलं. मग त्याच साच्यातून जास्त पल्ल्याची फतेह-३१३ आणि झोल्फघार निघाली, जहाजांचा माग काढणारं डोळस टोक बसवून खलिज फार्स निघालं. २०२० साली दाखवलेल्या राद-५००मध्ये पोलादी कवच सोडून कार्बन धाग्यांचं घेतलं. कवचाचं वजन उतरलं की तोच जोर जास्त लांब नेतो. उत्तर कोरियाने केएन-२३ ट्रकवरून डागलं, २०२१ साली रेल्वेच्या डब्यातून डागलं, आणि त्याच्या जातीची क्षेपणास्त्रं पाण्याखालूनही सोडली. अमेरिकेच्या एटॅकम्स या क्षेपणास्त्रात तर डब्याच्या झाकणापर्यंत विचार केलेला आहे. एका मोठ्या क्षेपणास्त्राच्या डब्यावर सहा गोल झाकणं असल्यासारखा आकार दिलेला असतो, म्हणजे वरून पाहणाऱ्याला तो नेहमीच्या छोट्या रॉकेटांचाच ट्रक वाटावा.

आवृत्त्यांचे पल्ले नेहमी अभियंतेच ठरवतात असं नाही. १९८७ साली क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावरच्या निर्यात-निर्बंधांची व्यवस्था आली. ५०० किलोचा भार ३०० किलोमीटर नेणारं काहीही परक्याला द्यायचं नाही, हा तिचा मुख्य नियम. त्याच वर्षी अमेरिका आणि सोव्हिएत संघाने ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरची क्षेपणास्त्रं मोडीत काढायचा करार केला. सोव्हिएत ओका क्षेपणास्त्राचा जाहीर पल्ला ४०० किलोमीटर होता, तरी तेही त्यात गेलं आणि रशियन सेनाधिकाऱ्यांना ते कायम सलत राहिलं. त्याची जागा इस्कंदरने घेतली, पल्ला ५००च्या आत. आणि निर्यातीच्या इस्कंदरचा? २८०. हा करार २०१९ साली संपला.

भारताची वाटचालही द्रवापासून सुरू झाली. २५ फेब्रुवारी १९८८ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेलं पृथ्वी नायट्रिक आम्लावर चालायचं. १५० किलोमीटर पल्ला आणि टनभर भार. घन इंधनाचं प्रहार त्याच पल्ल्याला २०११च्या जुलैत उडालं. मग २२ आणि २३ डिसेंबर २०२१ला लागोपाठ प्रलयच्या पहिल्या दोन चाचण्या झाल्या. त्याचा पल्ला १५० ते ५०० किलोमीटर. यातला ५०० हाच आकडा सगळीकडे मिरवला गेला.

मला १५० अधिक महत्त्वाचा वाटतो. ५०० किलोमीटर जाण्याइतकं इंधन पोटात आहे, ते सगळं जळणारच आहे, आणि तरीही १५०वर नेमकं पडायचं आहे. त्यासाठी उरलेली ऊर्जा वाटेत वळणं घेऊन, चढ-उतार करून, हवेला घासून संपवावी लागते, आणि एवढ्या उठाठेवीत दिशा सुटू द्यायची नसते. २८ आणि २९ जुलै २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून प्रलय पुन्हा दोनदा उडालं, तेव्हा चाचणीचा हेतू म्हणून कमाल आणि किमान असे दोन्ही पल्ले जाहीर केले होते.