खेळाडूंची जडणघडण (अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉल)

खेळाडूंची जडणघडण, महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील : अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू महाविद्यालयीन संघात दाखल झाल्यापासून तो मोठ्या सामन्याचा भार पेलू लागेपर्यंत त्याच्यावर जी मेहनत घेतली जाते, तिला अमेरिकेत ‘प्लेअर डेव्हलपमेंट’ म्हणतात. नेमबाजी, चेंडूवरचा ताबा, पायांची हालचाल, अंगातली ताकद, खेळाची समज असे सगळे त्यात येते. हे तंत्र आता कोणाचे गुपित राहिलेले नाही. सगळे मोठे संघ जवळपास तेच शिकवतात. संघासंघांत फरक पडतो तो वेळेच्या वाटपात. सामना ४० मिनिटांचा आणि मैदानात एका वेळी पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटे. मागणारे तेरा ते पंधरा. संघ तरुण असेल तर ही मिनिटे चुका करणाऱ्या पोरांना द्यायची की जिंकून देणाऱ्या अनुभवी खेळाडूंना, हा पेच प्रशिक्षकाला दर सामन्यात सोडवावा लागतो.

पूर्वी हा पेच नियमानेच सोडवला होता. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळायला बंदी होती. त्यांचा वेगळा ‘फ्रेशमन’ संघ असे. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये यूसीएलए विद्यापीठाच्या अशाच नवख्या संघाने आपल्याच मुख्य संघाला ७५-६० असे हरवले. मुख्य संघ त्या वेळी राष्ट्रीय विजेता होता, आणि नवख्यांत ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार होता. तरीही त्याला वर्षभर थांबावेच लागले. एनसीएए या नियामक संस्थेने १९७२-७३ च्या हंगामापासून बंदी उठवली आणि शिकण्याचे पहिले वर्ष निकालाच्या धगीत आले.

खेळाडू घडवण्याच्या कामाचे एक जुने ठळक उदाहरण शिकागोतले आहे. जॉर्ज मायकन हा २.०८ मीटर उंचीचा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा, अंगाने बोजड मुलगा. नोत्र दाम विद्यापीठाने त्याला नाकारले होते. डीपॉल विद्यापीठात १९४२ मध्ये रे मायर हे नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी त्याला दोरीवरच्या उड्या, मुष्टियुद्धाचा सराव, इतकेच नव्हे तर नृत्यही करायला लावले. त्या काळात घडलेली एक कवायत आजही ‘मायकन ड्रिल’ नावाने जगभर चालते. रिंगच्या अगदी खाली उभे राहायचे. डाव्या पायावर उडी घेऊन उजव्या हाताने चेंडू बोर्डवर टेकवायचा, जाळीतून पडता पडता तो हनुवटीच्या वरच झेलायचा, आणि लगेच उजव्या पायावर उडी घेऊन डाव्या हाताने तेच. चेंडू छातीखाली उतरला की ती खेप फुकट, कारण सामन्यात तेवढ्यात बुटका गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारा खेळाडू) तो हिसकावतो. १९४५ च्या एनआयटी (नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट) या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मायकनने ऱ्होड आयलंडविरुद्ध ५३ गुण केले. समोरच्या अख्ख्या संघाचे गुणही ५३ च होते.

आज इतका मोकळा हात प्रशिक्षकाला नसतो. हंगाम चालू असताना संघाचा एकूण वेळ आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास, शिवाय आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. हंगामाबाहेर आठवड्याला ८ तास, त्यांतही चेंडू घेऊन शिकवायला ४ च. मात्र खेळाडू आपल्या मर्जीने सरावाला आला तर ते तास मोजत नाहीत. रात्री उशिरा व्यायामशाळेत एकट्याने चालणारी नेमबाजी या फटीतून येते. ही मर्जी खरोखर किती मर्जीची असते, हा प्रश्न अमेरिकेतही विचारला जातो.

मराठी घरांत पर्ड्यू विद्यापीठाचे नाव निघते ते कोणी एमएसला तिकडे गेले म्हणून. इंडियाना राज्यात मात्र ते बास्केटबॉलचे घराणे आहे, आणि २००५ पासून मुख्य प्रशिक्षक असलेले मॅट पेंटर हे खेळाडू सावकाश पिकवण्यासाठी ओळखले जातात. टोरंटोचा झॅक ईडी आधी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळत होता. बास्केटबॉलकडे तो दहावीच्या सुमारास वळला. भरतीच्या क्रमवारीत त्याचे नाव चारशेच्या पलीकडे होते. २०२०-२१ मध्ये, पहिल्या वर्षी, त्याला सामन्यामागे सरासरी १५ मिनिटेही मिळाली नाहीत, गुण ८.७. दुसऱ्या वर्षी सेंटरची, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूची, जागा ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर वाटून घेत १९ मिनिटांत १४.४. तिसऱ्या वर्षी जागा पूर्णपणे त्याची झाली तेव्हा २२.३ आणि चौथ्या वर्षी २५.२. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे तो देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला; राल्फ सॅम्पसननंतर हे कोणाला जमले नव्हते. त्याची उंची २.२४ मीटर. उंची शिकवता येत नाही हे खरेच, पण पहिल्या वर्षीही तो जवळपास तेवढाच उंच होता. वाढला तो दम, आणि फाउल न करता मैदानात टिकण्याची अक्कल.

ईडीच्या तिसऱ्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, त्याच्याभोवतीचा संघ कोवळा होता. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोन्ही गार्ड प्रथम वर्षाचे आणि पहिल्या दिवसापासून सुरुवातीच्या पाचांत. हंगामाआधीच्या पहिल्या २५ संघांच्या यादीत पर्ड्यूचे नावही नव्हते; तरी संघ पहिल्या क्रमांकावर पोचला आणि त्याने बिग टेन ही साखळी जिंकली. मग मार्चमध्ये राष्ट्रीय बाद स्पर्धेत फेअरली डिकिन्सन या सोळाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या मानांकनाच्या, देशातल्या सर्वांत बुटक्या संघाने त्यांना ६३-५८ असे घरी पाठवले. डाव साधा होता. ईडीला पुढून-मागून कोंडायचे आणि बाहेरच्या पोरांना म्हणायचे, टाका. पर्ड्यूचे २६ पैकी ५ च थ्री पॉइंटर (लांबून टाकलेले तीन गुणांचे फटके) जाळीत गेले. ईडीने २१ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) मिळवले, पण ते पुरले नाहीत.

अशा पराभवानंतर बाहेरून तयार गार्ड आणणे हा सोपा मार्ग होता. पेंटर यांनी सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स हा एक अनुभवी गार्ड आणला खरा, पण स्मिथ आणि लॉयर यांना हलवले नाही. जोन्स त्यांच्या शेजारी उभा राहिला. पुढच्या हंगामात संघाची थ्री पॉइंटरची टक्केवारी सुमारे ३२ वरून ४० वर गेली. एप्रिल २०२४ मध्ये पर्ड्यू राष्ट्रीय अंतिम सामन्यात होता. तिथे कनेक्टिकटने त्यांना ७५-६० असे हरवले.

दुसऱ्या वर्षी गार्ड सुधारतो म्हणजे नेमके काय होते, हे स्मिथ आणि ईडीच्या ‘पिक अँड रोल’मध्ये दिसते. ईडी आडोशाला उभा राहतो आणि स्मिथ त्याच्या खांद्याला घासून ड्रिबल करत आत शिरतो. समोरचा उंच बचावपटू मागेच थांबला, तर मधल्या अंतरावरून जंप शॉट. तो पुढे धावून आला, तर रिंगकडे वळलेल्या ईडीला उंच पास. कोपऱ्यातला बचावपटू ईडीला अडवायला आत सरकला, तर त्याने मोकळ्या सोडलेल्या नेमबाजाकडे चेंडू. निर्णयाला सेकंदभर मिळतो. नवख्याला पहिला पर्याय दिसतो, दुसरा उशिरा दिसतो, आणि उशिरा टाकलेला पास हा टर्नओव्हर, म्हणजे समोरच्याच्या हाती गेलेला चेंडू असतो. हे चित्रफिती दाखवून निम्मेच शिकवता येते. उरलेले निम्मे सामन्यात चेंडू गमावूनच कळते. स्मिथचे सामन्यामागचे असिस्ट (ज्यांवर सहकारी गुण करतो असे पास) पहिल्या वर्षी ४.४, दुसऱ्या वर्षी ७.५ आणि तिसऱ्या वर्षी ८.७ झाले.

मिनिटे मुळीच न देणे हाही जडणघडणीचा एक मार्ग आहे. पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, म्हणून एखाद्याला एक वर्ष ‘रेडशर्ट’ ठेवतात : शिष्यवृत्ती चालू, सराव चालू, सामने बंद. व्हर्जिनिया विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी २०१६-१७ मध्ये डीअँड्रे हंटरला असे बसवले. त्यांची बचावपद्धत अंगवळणी पडायला वेळ लागत असे, आणि चुकणाऱ्याला तिथे जागा नसे. २०१८ मध्ये हाच संघ, जखमी हंटरविना, यूएमबीसीकडून ७४-५४ असा हरला. अव्वल मानांकित पुरुष संघ सोळाव्या मानांकिताकडून हरण्याची ती पहिलीच वेळ. २०१९ च्या अंतिम सामन्यात हंटरने २७ गुण केले, शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी साधणारा थ्री पॉइंटरही त्याचाच, आणि व्हर्जिनिया जादा वेळेत ८५-७७ असा विजेता झाला. पर्ड्यूच्या ट्रे कॉफमन-रेनचे पहिले वर्षही असेच बाकावर गेले. चौथ्या वर्षी तो सामन्यामागे सरासरी २० गुण करत होता.

याच्या अगदी उलट घडी केंटकी विद्यापीठात प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी बसवली. एनबीए या व्यावसायिक साखळीने २००५ च्या करारात किमान वय १९ केल्यावर उत्तम मुले एका वर्षापुरती महाविद्यालयात येऊ लागली. २०१२ च्या विजेत्या केंटकीचा अँथनी डेव्हिस हा त्यांतला सर्वोत्तम. अंतिम सामन्यात त्याचे १० पैकी ९ फटके चुकले, पण १६ रिबाउंड आणि ६ ब्लॉक (हवेत अडवलेले फटके) घेऊन तोच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शाळेत तो बराच काळ गार्ड होता आणि मग झपाट्याने उंच झाला, म्हणून त्याचा चेंडूवरचा हात उंच माणसाचा वाटत नसे. म्हणजे त्याची निम्मी जडणघडण केंटकीत येण्याआधीच झाली होती. पुढच्या वर्षी नवी मुले आली आणि केंटकी मुख्य स्पर्धेलाही पात्र ठरला नाही. दुय्यम एनआयटीत रॉबर्ट मॉरिसने त्याला पहिल्याच फेरीत हरवले. एका वर्षाच्या मुलांवर संघ बांधणे हे जडणघडणीपेक्षा निवडीचे कौशल्य आहे, असे म्हणणे भाग पडते.

२०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली आणि पहिल्यांदा संघ बदलल्यावर वर्षभर बसण्याची अटही सुटली. २०२५ पासून विद्यापीठे थेट पैसे देऊ लागली. याचा सर्वांत मोठा फटका बसला तो सावकाश पिकणाऱ्या खेळाडूला. पहिल्या वर्षी १५ मिनिटे मिळालेला मुलगा आता दुसऱ्या वर्षाची वाट पाहत नाही, आणि प्रशिक्षकही त्याच्या जागी तेविशीतला तयार खेळाडू विकत घेऊ शकतो. ईडीसारखा खेळाडू आज दाखल झाला तर तो चार वर्षे एकाच ठिकाणी राहील का, याची खात्री कोणी देणार नाही. स्मिथ, लॉयर आणि कॉफमन-रेन हे तिघे मात्र २०२५-२६ च्या, आपल्या अखेरच्या हंगामासाठीही पर्ड्यूतच थांबले, आणि त्या हंगामाआधीच्या राष्ट्रीय क्रमवारीत पर्ड्यू आपल्या इतिहासात प्रथमच अव्वल होता.