एल निनो की आयओडी? नदी नक्की कुणाचं ऐकते

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर मे महिन्यात एक भांडण ठरलेलं. सांगलीकडचे मामा म्हणणार "यंदा एल निनो आहे, नदी कोरडीच", आणि लगेच भाचरांपैकी कुणीतरी "पण मामा आयओडी पॉझिटिव्ह आहे की" म्हणून एक रंगीत नकाशा टाकणार, ज्यात अर्धा समुद्र लाल आणि अर्धा निळा. गंमत म्हणजे दोघांनाही वाटतं आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

एक नाहीयेत. एल निनो प्रशांत महासागरातला, पेरूच्या कोळ्यांनी नाव ठेवलेला. एरवी तिकडचे वारे गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलत असतात, ते वारे ढिले पडले की गरम पाणी मधल्या प्रशांताकडे सरकतं, ढग तिकडे उठतात आणि आपल्या बाजूला हवा वरून खाली दाबली जाते, म्हणजे पावसाला ब्रेक. दर दोन ते सात वर्षांनी येतो, साधारण वर्षभर मुक्काम ठोकतो आणि डिसेंबरच्या आसपास ऐन भरात असतो.

आयओडी, म्हणजे इंडियन ओशन डायपोल, आपल्याच हिंदी महासागराचा. त्याला हे नाव मिळालं १९९९ मध्ये, तसा नवखाच. सुमात्राजवळचं पाणी थंड आणि आफ्रिकेकडचं गरम झालं की पॉझिटिव्ह, उलट झालं की निगेटिव्ह. मे-जूनमध्ये जन्मतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात जोर धरतो आणि वर्षाअखेरीस विरतो. म्हणजे बघा, आपला पाऊस परतीच्या तयारीला लागतो तेव्हा कुठे हा रंगात येतो! नकाशे फॉरवर्ड करताना हीच गोष्ट सगळे विसरतात.

आता १९९७. शतकातल्या सगळ्यात तगड्या एल निनोंपैकी एक, सगळे दुष्काळाच्या धास्तीत, आणि देशभरातला पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. त्या वर्षी आयओडी जोरात पॉझिटिव्ह होता आणि त्यानेच सावरलं असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. त्यावरून लोकांनी सोपं गणित करून टाकलं, पॉझिटिव्ह म्हणजे चांगभलं.

मग २०१६ चं काय करायचं? त्याच्या आदल्या वर्षी एल निनो होता, देशाचा पाऊस ८६ टक्क्यांवर आला, मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पावसाळा आला तेव्हा एल निनो संपलेला, पण आयओडी चांगलाच निगेटिव्ह, गणिताप्रमाणे वाईट. आणि झालं उलटंच, त्याच पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं. नुसत्या आयओडीकडे बघून मराठवाड्याचं पाणी सांगणारा त्या वर्षी साफ तोंडावर पडला असता.

माझ्या मते घोळ इथे होतो की आपण पाऊस आणि नदी एकच समजतो. पाऊस १० टक्के कमी पडला तर नदीही १० टक्केच कमी वाहील असं नसतं, ती बरीच जास्त घटू शकते, कारण पहिला वाटा तापलेली जमीन घेते, मग विहिरी, शेततळी, बंधारे, आणि उरलंसुरलं नदीला. त्यात आपला बेसॉल्टचा खडक, त्यात पाणी साठतं तेच थोडं, त्यामुळे पावसाळा संपला की ओढे लवकर आटतात. एल निनोचं वर्ष नदीला जड जातं ते यामुळे, आणि सलग दोन वर्षं वाईट गेली तर तिसऱ्या वर्षीचा पहिला चांगला पाऊससुद्धा जमीनच पिऊन टाकते.

आणि जमीन आधीच तुडुंब असेल तर उलटं. २०१९ चा जून देशभर तुटीचा होता, पण जुलै संपेपर्यंत घाट भिजून गच्च, त्यावर ऑगस्टमध्ये पुन्हा कोसळला आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, जिथे धोक्याची पातळीच ४५ आहे. त्या वर्षी आयओडी प्रचंड पॉझिटिव्ह होता म्हणून लोक पुराचं सगळं श्रेय त्याला देतात. मला ते पटत नाही. त्याचा कळस आला नंतर, शरद ऋतूत, आणि त्याची खूण शोधायची तर तिकडे शोधा, मान्सूनची माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली, नोंदीतली सगळ्यात उशिराची, मग अरबी समुद्रात क्यार आणि महा ही वादळं, शेतात काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, आणि तिकडे केनियात नद्यांना पूर. ऑगस्टचा पूर मात्र त्या काही दिवसांच्या कमी दाबाचा, घाटातल्या पावसाचा आणि धरणांच्या विसर्गाचा हिशेब आहे (विसर्गावर सांगलीत अजून भांडणं होतात, त्यात मी पडत नाही).

२०२३ मध्ये दोघे एकदमच आले. एल निनो जूनपासून, आयओडी पॉझिटिव्ह पण उशिरा. मधल्या मध्ये ऑगस्ट गेला, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरात पाऊस बरा झाला आणि देशाची टक्केवारी ९४ वर आली, कागदावर म्हणाल तर फार वाईट नाही. जायकवाडी मात्र निम्मंही भरलं नाही, आणि नोव्हेंबरात वरच्या नाशिक-नगरच्या धरणांमधून पाणी सोडायची वेळ आली, त्यावरून दोन्हीकडे आंदोलनं झाली ती वेगळीच.