फ्लॅशला ‘आत्ता’ कोण सांगणार?

रावेरजवळच्या केळीच्या बागेत आबांचा फोटो काढत होतो. ऊन तिरपे झालेले, टोपीची सावली थेट नाकापर्यंत उतरलेली. चेहरा उजळावा म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढला आणि डावीकडे, केळीच्या दोन ओळी सोडून स्टँडवर लावला. बटण दाबले, शटर वाजले, फ्लॅश मात्र गप्प. चार पावले पुढे सरकलो तर पेटला. मागे आलो, पुन्हा गप्प. आबांचा नातू हे सगळे बघत होता. त्याने विचारले, "भाऊ, हाऊ काबर पेटत नही?"

खान्देशात लग्नसराई जवळ आली की कितीतरी तरुण आपला पहिला फ्लॅश घेतात आणि ट्रिगर (फ्लॅशला दुरून पेटवणारे छोटे यंत्र) कोणता घ्यावा, इथे अडकतात. माझे मत सरळ आहे. पोर्ट्रेटसाठी महागडा ट्रिगर लागत नाही. पण स्वस्तातला नेमका कोणता, हे ठरवायचे तर तो काम कसा करतो हे आधी समजून घ्यावे लागते.

कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश समोरून सपाट उजेड टाकतो आणि चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखा दिसतो. तोच उजेड बाजूने, थोडा वरून आला की नाक, गाल, कपाळावरच्या रेषा आकार घेतात. म्हणून फ्लॅश बाजूला न्यायचा. मात्र तो बाजूला गेला की शटर कधी उघडले हे त्याला कळत नाही. ट्रिगर उजेड पाठवत नाही. तो फक्त एक निरोप पाठवतो: आत्ता!

हे ‘आत्ता’ फार नेमके असावे लागते. फ्लॅशमधले चार रिचार्जेबल सेल मिळून ४.८ व्होल्ट देतात. आतले सर्किट तो दाब सुमारे ३०० व्होल्टपर्यंत चढवून कपॅसिटरमध्ये साठवते. निरोप आला की झेनॉन वायूच्या नळीला काही हजार व्होल्टचा झटका बसतो, वायू वीजवाहक होतो आणि साठवलेली सगळी ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात हे तंत्र छायाचित्रणात रुळवले. पूर्ण ताकदीचा भडकासुद्धा साधारण १/३०० ते १/१००० सेकंदात आटोपतो.

दुसरीकडे कॅमेऱ्यात दोन पडदे एकामागून एक धावतात. १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत संपूर्ण सेन्सर क्षणभर तरी एकाच वेळी उघडा असतो. त्याहून वेगवान शटर ठेवले तर दोन पडद्यांमध्ये फक्त एक फट धावते. मग फ्लॅशचा उजेड तेवढ्याच पट्ट्यावर पडतो आणि उरलेली फ्रेम काळी राहते. १/२५० म्हणजे ४ मिलिसेकंद. निरोप एखाद्या मिलिसेकंदाने उशिरा पोहोचला तरी फ्रेमच्या कडेला काळी पट्टी येते.

निरोप न्यायचा सगळ्यात जुना मार्ग तारेचा. त्या गोल पिनेला ‘पीसी’ म्हणतात. संगणकाशी तिचा संबंध नाही. प्राँटर आणि काँप्युर या दोन जर्मन शटरांच्या नावांची ती आद्याक्षरे आहेत. तार स्वस्त आणि खात्रीची. मांडवात ती कुणाच्या तरी पायात येणार, एवढीच भीती. मात्र जुना फ्लॅश सेकंडहँड घेत असाल तर त्याच्या पायाची मधली पिन आणि कड यांमधला दाब मल्टिमीटरने जरूर मोजा. काही जुन्या फ्लॅशमध्ये तो २०० व्होल्टच्या वर असतो आणि त्याने डिजिटल कॅमेरा जळू शकतो.

दुसरा मार्ग उजेडाचा. आजच्या बहुतेक साध्या फ्लॅशमध्ये एक प्रकाशसंवेदक असतो. दुसरा फ्लॅश पेटलेला दिसला की तोही पेटतो, म्हणजे वेगळा खर्च शून्य. सेटिंगमध्ये ‘एस१’ आणि ‘एस२’ दिसतील. कॅमेऱ्यातूनच वर उघडणारा पॉप-अप फ्लॅश फोटोच्या आधी मोजमापासाठी एक छोटा भडका मारतो, त्याकडे ‘एस२’ दुर्लक्ष करतो. घरात, चार भिंतींच्या आत ही सोय उत्तम चालते. चुलीपुढे बसलेल्या आजीचा फोटो काढायला याहून जास्त काही लागत नाही. अंगणातल्या हळदीत मात्र भर उन्हात संवेदकाला तो छोटा भडका ओळखूच येत नाही. आणि लॉन्सवर तीन फोटोग्राफर असले की तुमचा फ्लॅश त्यांच्या भडक्यांवरही पेटतो. वरमाला पडते त्या क्षणी तुमचा कपॅसिटर रिकामा असतो. इन्फ्रारेड ट्रिगरचेही असेच. चुना दिलेल्या भिंतींवरून परावर्तित होऊन तो आत छान चालतो, उन्हात हरवतो.

उरतो तो रेडिओ. जुने स्वस्त ट्रिगर बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, नवे २.४ गिगाहर्ट्झवर. रेडिओलहर ३ मीटर अंतर १० नॅनोसेकंदांत कापते, त्यामुळे उशीर हवेत होत नाही. तो होतो संदेशाची सांकेतिक जुळणी करणाऱ्या आणि ती उलगडणाऱ्या चिपमध्ये. घरी आणल्यावर पांढऱ्या भिंतीचे फोटो १/१२५, १/१६०, १/२००, १/२५० असे काढून बघा. काळी पट्टी दिसू लागली की त्याच्या एक पायरी खाली थांबा.

आता नातवाचा प्रश्न. माझा ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झचा, लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. या लहरी पाणी चांगल्याच शोषते आणि केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. माझ्या आणि फ्लॅशच्या मध्ये पाण्याने भरलेल्या खांबांच्या दोन रांगा उभ्या होत्या. ४३३ मेगाहर्ट्झची लहर ६९ सेंटीमीटर लांबीची असते, ती अडथळ्याला वळसा घालून तुलनेने सहज जाते. तेवढ्यासाठी जुना ट्रिगर शोधायची गरज नव्हती. नातवाने स्टँड उचलून आमच्याच ओळीत, मोकळ्या जागेत आणला आणि फ्लॅश दरवेळी पेटू लागला. माणसाचे शरीरही बरेचसे पाणीच, म्हणून वरातीच्या गर्दीत स्टँड डोक्यांच्या वर न्यावा.

घ्यायचे काय? रिसीव्हर आतच असलेला मॅन्युअल, म्हणजे ताकद हाताने ठरवायचा फ्लॅश आणि त्याच घराण्याचा रेडिओ ट्रिगर. उदाहरणार्थ गोडॉक्सचा टीटी६०० आणि एक्स मालिकेतला ट्रिगर. जवळ जुना फ्लॅश असेल तर योंगनुओच्या आरएफ-६०३सारखी जोडी पुरते. उजेड आपोआप मोजणाऱ्या टीटीएलसाठी जास्त पैसे मोजू नका. वरातीत अंतर सतत बदलते, तिथे ते उपयोगी आहे. पण पोर्ट्रेटमध्ये माणूस बसलेला असतो, फ्लॅश जागेवर असतो, एकदा जमवलेला उजेड पुढच्या पन्नास फोटोंना तसाच राहतो.

दुकानात जाण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचा हॉटशू, म्हणजे फ्लॅश बसवायची वरची खाच, मात्र नीट बघा. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांना मधली पिनच नाही. साधे एका पिनेचे ट्रिगर त्यांवर चालत नाहीत, या मॉडेलची नावे घेऊन चालतो असे सांगणाराच ट्रिगर लागतो. तोवर घरात पॉप-अप आणि ‘एस२’वर काम भागते.

वाचलेले पैसे फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या पांढऱ्या छत्रीला आणि जड स्टँडला द्या. छत्रीचे गणितही करून ठेवावे. भर दुपारी आयएसओ १००, शटर १/२०० असेल तर ऊन लेन्सचे छिद्र एफ/११ मागते. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा; त्याला एफच्या आकड्याने भागले की अंतर मिळते. फ्लॅशच्या खोक्यावर तो ६० लिहिलेला असला, तरी फ्लॅशचा झूम २०० मिलिमीटरला असतानाचा. ३५ला तो साधारण ३६ भरतो. छत्री दोन स्टॉप खाते, म्हणजे उजेड चौथाईवर आणि गाइड नंबर निम्म्यावर येतो; उरले १८. अठराला अकराने भागले की १.६ मीटर. एवढ्या अंतरावर पूर्ण ताकदीने फ्लॅश उन्हाची बरोबरी करतो. अंतर दुप्पट केले तर उजेड चौथाईवर येतो. म्हणून आबांच्या फोटोत छत्री इतकी जवळ होती, की फ्रेमच्या अगदी कडेबाहेर ती नातवाने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.