शेवटपर्यंत टिकणं: कोकणातल्या ख्रिस्ती धीराची पार्श्वभूमी

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की धीर आणि चिकाटीवर प्रवचनं होतातच. अलीकडे त्यांचा सूर थोडा बदललाय: मन घट्ट करा, रोज नेमानं प्रार्थना करा, जमेल. त्यात वाईट काही नाही. पण या शिकवणीचा माग काढत गेलं तर चिकाटी ही एकट्याच्या निग्रहाची गोष्ट म्हणून फारशी भेटत नाही. कोकणात तर नाहीच.

बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घ्या. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी वाट पाहतो तसा धीर धरा, असं तिथे सांगितलंय. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस पेरणीच्या वेळचा, शेवटचा दाणा भरतानाचा, दोन्ही हवेसे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला मात्र परतीचा पाऊस म्हटलं की कापणीला आलेलं भात आडवं झालेलं दिसतं, त्यामुळे ही उपमा त्याला समजावूनच सांगावी लागते. आणखी एक गोष्ट सहसा वगळली जाते. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला मजुरांची मजुरी अडवणाऱ्या धनवानांना खडसावलेलं आहे. म्हणजे निमूट सोसा, एवढाच त्या धीराचा अर्थ नाही.

पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टिननं ठामपणे मांडलं की शेवटपर्यंत विश्वासात टिकणं ही देवाची देणगी आहे. पुढे वाद झाला तो मुख्यतः यावर, की आपण टिकणार याची खात्री माणसाला बाळगता येते का? कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मसभेनं १५४७मध्ये सांगितलं, देवानं खास प्रकट केल्याशिवाय नाही. कॅल्विनच्या शिकवणीतल्या प्रोटेस्टंटांच्या डॉर्ट इथल्या सभेनं १६१८-१९मध्ये उलट बाजू घेतली: देव आपल्या निवडलेल्यांना कायमचं गळू देत नाही. दोन्ही मतं कोकण किनाऱ्यावर उतरली, पहिलं पोर्तुगीजांबरोबर, दुसरं स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर.

वसईचा गोन्सालो गार्सिया पहिल्या परंपरेतला. जपानमध्ये जेज्वीट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली त्यानं वर्षानुवर्षं काम केलं, पण त्यांच्या संघात त्याला घेतलं गेलं नाही. मग तो व्यापारात उतरला आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचा बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रूसावर मारलं. संतपद मिळालं १८६२मध्ये. त्याच्या चरित्रातला क्रूस सगळ्यांना आठवतो. मला ती नकाराची वर्षं जास्त बोलकी वाटतात.

पण एकटा गोन्सालो म्हणजे परंपरा नव्हे. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि ज्या सत्तेच्या आधारानं चर्च उभं होतं ती पोर्तुगीज सत्ताच गेली. युरोपीय धर्मगुरूही गेले. त्या सत्तेनं धर्माच्या नावाखाली इथे जुलूमही केला होता, हे विसरून हा इतिहास सांगता येत नाही. तरी वसई भागातल्या वाडवळ आणि सामवेदी समाजांतली ख्रिस्ती घरं मागे राहिली, एतद्देशीय धर्मगुरूंनी त्यांना सांभाळलं. पुढच्या वर्षी चौलही पोर्तुगीजांच्या हातून गेलं. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईतले ख्रिस्ती आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. या लोकांनी चिकाटीवर काही लिहून ठेवलेलं नाही. बाप्तिस्मा, लग्न, मयत, सण एवढं ते धरून राहिले.

दक्षिणेकडे बाणकोटला स्कॉटिश मिशनचे पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३मध्ये आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट-हर्णै भागात शाळा काढल्या, मराठी शिकून घेतली. बाप्तिस्मे मोजकेच झाले. देव आपल्या माणसांना सोडत नाही, या शिकवणीत वाढलेल्यांना संख्येची चिंता कमी असावी, असं म्हणावंसं वाटतं. पण पुढे मिशननं कोकणातला मुक्काम हलवून पुण्याकडे मोर्चा वळवला, हेही खरं. सगळंच काही टिकत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनात या विषयाला चेहरा दिला तो मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांच्या घरानं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. ताटातूट, माणसांची बोलणी, एकटीनं मूल सांभाळणं, हे सोसून सुमारे पाच वर्षांनी त्या स्वतःच्या निर्णयानं ख्रिस्ती झाल्या. घाई कुणाच्याच कामाची नव्हती. टिळक १९१९मध्ये वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे जेमतेम दहा अध्याय पुरे होऊन अकरावा अर्धवट होता. ते काम उचललं लक्ष्मीबाईंनी, शाळेत न शिकलेल्या बाईनं, आणि पतीपेक्षा कितीतरी अधिक अध्याय रचले. त्या १९३६मध्ये गेल्या; ग्रंथ छापून निघाला १९३८मध्ये.