आस्क (इंग्रजी क्रियापद)

आस्क : इंग्रजीतील रोजच्या वापराचे क्रियापद. मराठी शाळांत त्याचा अर्थ ‘विचारणे’ असा एका शब्दात सांगितला जातो आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. मराठीत विचारणे वेगळे आणि मागणे वेगळे. विचारल्यावर उत्तर मिळते, मागितल्यावर वस्तू. इंग्रजीने ही दोन्ही कामे एकाच शब्दाकडे दिली आहेत आणि मागण्याच्या वेळी त्याला बहुधा ‘फॉर’ जोडला जातो. साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या दुकानात ‘आस्क द प्राइस’ म्हणजे भाव विचारणे आणि ‘आस्क फॉर हाफ अ किलो’ म्हणजे अर्धा किलो मागणे.

एवढ्यावरही भागत नाही. पाहुण्यांना जेवायला ‘आस्क’ केले, तर त्याचा अर्थ बोलावले. मुलीच्या वडिलांकडे तिचा हात ‘आस्क’ केला, तर आपल्याकडे त्याला मागणी घालणे म्हणतात. ‘आस्क आफ्टर’ म्हणजे ख्यालीखुशाली विचारणे. कंडक्टरने प्रवाशांना ‘आस्क्ड टू गेट डाउन’ असे वाचले की मुले ‘उतरायला विचारले’ असे भाषांतर करतात. स्टँडवरचा कोणीही माणूस मात्र ‘उतरायला सांगितलं’ असेच म्हणेल. विचारणे, मागणे, बोलावणे, सांगणे ही चारही क्रियापदे शिकवल्याशिवाय हा शब्द शिकवून पूर्ण होत नाही.

व्युत्पत्ती पाहिली की हा शब्द परका वाटेनासा होतो. त्याचे मूळ ज्या इंडो-युरोपीय धातूत आहे, त्याचा अर्थ शोधणे, इच्छिणे असा आहे. संस्कृतमधील ‘इच्छति’ आणि ‘एषणा’ त्याच कुळातले. आपले ‘मागणे’ संस्कृत ‘मार्गति’वरून आले, त्याचाही अर्थ शोधणे. ‘रिक्वेस्ट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ पुन्हा शोधणेच. विचारणारा, मागणारा आणि विनवणारा, तिघेही मुळात काहीतरी शोधायला निघालेले असतात. ‘पुसणे’ची वाट निराळी आहे. ते संस्कृत ‘पृच्छति’वरून आले आणि जर्मन ‘फ्रागेन’ त्याचे नातेवाईक. ‘विचारपूस’ या जोडशब्दात ते आजही जिवंत आहे. ‘आता मला कोण पुसतंय?’ असे म्हणणाऱ्या म्हातारीच्या तोंडी हजारो वर्षांचा धातू असतो, म्हणून त्याला गावंढळ ठरवणे मला पटत नाही.

तोच न्याय ‘आस्क’च्या ‘आक्स’ या उच्चारालाही लावायला हवा. जुन्या इंग्रजीत ‘स्क’ आणि ‘क्स’ अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती. १५३५ च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलमध्येही ‘क्स’चे रूप छापलेले आहे. पुढे ‘आस्क’ प्रमाण ठरले आणि दुसरे रूप अशुद्धाच्या खात्यात गेले. आपल्याकडे ‘विचारलं’ आणि ‘इचारलं’ यांचे असेच झाले.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही ‘आय आस्क्ड टू माय टीचर’ हे वाक्य खटाव-माणपासून जतपर्यंतच्या वह्यांत भेटते. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मूल मनात ‘सरांना विचारलं’ म्हणते आणि त्यातल्या ‘ना’साठी ‘टू’ शोधून आणते. ‘से’ या क्रियापदाला तो ‘टू’ चालतो, त्यामुळे त्याची खात्रीच पटते. नुसती लाल फुली मारून हे सुटत नाही. फळ्यावर ‘सरांना’ लिहावे, ‘ना’खाली रेघ ओढावी आणि इंग्रजीत या जागी काहीच येत नाही हे दाखवावे. मुलाला ते लगेच दिसते. उच्चारातही एक अडचण आहे : भूतकाळी रूप लिहिताना शेवटी ‘ड’ दिसला, तरी उच्चार ‘आस्क्ट’ होतो आणि भराभर बोलताना ‘क’ गळून ‘आस्ट’ उरते.

व्यापारात ‘आस्क’ म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेली किंमत आणि ‘बिड’ म्हणजे घेणाऱ्याची बोली. शेअर बाजारात दोन्ही आकडे समोर असतात. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यात यातला पहिला, म्हणजे विकणाऱ्याचा, आकडा बोलला जात नाही. पोते फोडून हळकुंडे बाहेर काढतात, खरेदीदार एखादे मोडून आतला रंग बघतात आणि बोली चढत जाते. ज्याची हळद, तो शेतकरी शेजारी गप्प उभा असतो. नांगरट, बेणे, शिजवण, पॉलिश या सगळ्याचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो, पण ‘मला एवढे हवेत’ हे वाक्य सौद्याच्या रीतीत बसत नाही. पटले नाही तर नकार देणे एवढेच त्याच्या हाती. बिड आहे, आस्क नाही.

मराठीत हा शब्द सर्वांत सहज रुळला तो क्रिकेटमुळे, ‘आस्किंग रेट’ म्हणून. उरलेल्या धावांना उरलेल्या षटकांनी भागले की तो मिळतो : ६ षटकांत ५४ हव्या असतील तर ९. सांगलीत १९१५ साली जन्मलेले विजय हजारे खेळत होते तो कसोटीचा काळ, तेव्हा या शब्दाला फारसे काम नव्हते. मर्यादित षटकांच्या सामन्यांनी तो घरोघरी नेला. आता सांगलीत वाढलेली स्मृती मानधना पाठलागात खेळत असली की टपरीवर ‘आस्किंग किती?’ एवढाच प्रश्न येतो. तिथे ‘रेट’ गळाला आहे आणि ‘आस्किंग’ हे मराठीत चक्क नाम झाले आहे.