हिमसरोवर वाढतं ते मागच्या बाजूला

ठाण्यातल्या मासुंदा तलावाचे काठ माणसांनी बांधलेत. हिमसरोवराचा बांध हिमनदीच घालते आणि तो फार कच्चा असतो.

मे-जूनमध्ये ठाणे, नवी मुंबईतले ट्रेकर मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरतात. पलीकडे लगेच सिस्सू गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला 4,068 मीटरवर घेपांग गथ सरोवर आहे. इस्रोने उपग्रहचित्रांवरून केलेल्या मोजणीत 1989 मध्ये ते 36.49 हेक्टर होतं, 2022 मध्ये 101.30.

ही वाढ गावाच्या दिशेने झालेली नाही. हिमनदीचं तोंड थेट पाण्यात आहे. पाणी बर्फाला खालून पोखरतं, वरचे कडे तुटून पडतात, हिमनदी मागे सरते आणि मोकळ्या झालेल्या खोलगटात पाणी शिरतं. गावाकडचा काठ होता तिथेच राहतो, त्यामागचा साठा मात्र वाढत जातो.

हा काठ म्हणजे हिमोढ. हिमनदीने ढकलत आणलेली पिठासारखी बारीक माती, खडी आणि खोलीएवढ्या शिळा, सगळं एकत्र. कशानेही सांधलेलं नाही. बऱ्याचदा पोटात जुना बर्फ गाडलेला असतो. तो वितळला की माथा खचतो. ताज्या भेगा आणि हिमोढावरच साचलेली लहान डबकी ही त्याची खूण.

तरीही नुसत्या साठ्याने बांध क्वचितच फुटतो. बहुधा वरून काहीतरी कोसळावं लागतं. सिक्कीममध्ये 5,200 मीटरवरच्या दक्षिण ल्होनाक सरोवरात 3 ऑक्टोबर 2023 च्या रात्री असंच झालं. कडेच्या हिमोढाचा गोठलेला उतार सैल होऊन पाण्यात आला, लाट उठली, बांधावरून गेली. एकदा खाच पडली की वाहतं पाणीच ती रुंद करत नेतं, थांबवायला काही उरत नाही. खाली तीस्ता नदीवरचं, चुंगथांग गावाजवळचं सुमारे 60 मीटर उंचीचं तीस्ता-3 धरण काही तासांत वाहून गेलं. ल्होनाक सरोवराचं पाणी सायफनने उतरवायला 2016 मध्ये पाइप टाकले होते. एवढ्या साठ्यापुढे ते तुटपुंजेच.

ट्रेकला जाणाऱ्यांनी तंबू ओढ्याच्या पात्रात किंवा पात्रालगतच्या सपाट वाळूवर लावू नये. ती सपाटी जुन्या पुरांनीच केलेली असते. ओढा पहाटे ओलांडावा, कारण दिवसभर बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं. भर दुपारी ते एकाएकी ओसरलं, तर वर कुठेतरी प्रवाह अडलाय असं समजावं आणि सामान टाकून उतार चढायला लागावं. पात्राच्या कडेने खाली पळू नये.