डिसेबिलिटी पेन्शनचं अपील मेडिकलसाठी परत येतं, त्यामागचा इतिहास

कामठीला लष्कराचं गार्ड्स सेंटर, त्यामुळे नागपूरकडे माजी सैनिक भरपूर, आणि कोणाचं अपील "आणखी मेडिकल कागद लागतील" म्हणून परत आलं की प्रश्न एकच असतो, आजार नोकरीमुळे झाला का नाही हे सिद्ध करायचं कोणी, जवानानं का डिपार्टमेंटनं?

1961 च्या आर्मी पेन्शन रेग्युलेशनमधली किमान 20 टक्के अपंगत्वाची अट सगळ्यांना पाठ आहे. खरा आधार ही पेन्शन कोणाला मिळते ते ठरवणारे 1982 चे नियम. त्यात स्पष्ट लिहिलंय की जवानाकडून पुरावा मागायचा नाही, शंका असली तर फायदा त्यालाच द्यायचा, फील्ड सर्व्हिसवर असलेल्याला तर अजून सढळ हातानं. पण व्हायचं काय, मेडिकल बोर्ड माणसाला समोर तपासून अपंगत्वाचे टक्के लिहायचं आणि अलाहाबादच्या पेन्शन ऑफिसातला मेडिकल सल्लागार नुसते कागद पाहून क्लेम उडवायचा. 1993 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फेरतपासणी केल्याशिवाय असं करता येत नाही.

मग आला सुप्रीम कोर्टाचा 2013 चा निकाल. सिग्नल्सचा जवान, 1985 ला भरती, 1994 ला फिट (झटके) येतात म्हणून 20 टक्क्यांवर बोर्ड आउट, म्हणजे मेडिकल कारणानं नोकरीतून बाहेर, आणि कागदावर काय तर "कॉन्स्टिट्यूशनल (म्हणजे शरीराचा मूळचाच दोष), सर्व्हिसशी संबंध नाही", कारण काहीच नाही. कोर्टानं म्हटलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही आणि तो आधी का सापडला नसता याचं कारणही बोर्डानं लिहिलेलं नाही, म्हणजे आजार नोकरीतच झाला असं धरा. माझ्या मते सगळ्या वादाचं उत्तर इथंच आहे! जे कारण बोर्डानं तेव्हा लिहिलं नाही ते वीस वर्षांनी जवानाकडून नवीन रिपोर्ट मागून कसं भरून निघणार? आजार आज किती आहे हे फेरबोर्ड सांगेल, पण 1994 ला तो कशानं झाला ते कसं सांगणार?

2009 पासून अशा वादांसाठी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, आपल्याकडच्या केसेस मुंबई बेंचकडे जातात. 2019 च्या एका मानसिक आजाराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं बोर्डाच्या मताला जास्त वजन दिलं, डिपार्टमेंट तेच पुढं करतं. 2025 मध्ये मात्र सियाचीनला राहिलेल्या जवानाच्या केसमध्ये त्याच कोर्टानं 2013 चीच भूमिका पुन्हा उचलून धरली.

गोंधळ वाढला तो 2008 च्या नियमांनी. सुटल्यावर 15 वर्षांनी क्लेम केला तर पुरावा जवानानं द्यायचा असं त्यात आलं, आणि 2023 ला तर नियम परत नव्यानं आले. त्यामुळे 2008 च्या आधी सुटलेल्यांनी परत आलेल्या पत्रात कोणत्या वर्षाच्या नियमाचा हवाला दिलाय ते आधी पाहावं, कारण त्यांना 1982 चेच लागू होतात.